सुट्टे ठेवायचे, गोळी द्यायची की बिलच राउंड करायचं?

माझा भाचा येत्या दसऱ्याला पुण्यात वाकडला किराणा दुकान टाकतोय. काटा, रॅक, बिलिंगचं मशीन, सगळं ठरलं आणि परवा रात्री त्याचा फोन आला, "मावशी, बिलं सरळ पाचच्या पटीत केली तर चालेल का? चिल्लरची झंझटच नको." मी कराडला आमच्या दुकानात बावीस वर्षं गल्ल्यावर बसते आहे. तरी तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, कारण आम्ही सवयीने जे करतो त्याचा हिशोब मी कधी कागदावर मांडला नव्हता. मग दोन संध्याकाळी बसून मांडला. कुणी नवं दुकान, डेअरी किंवा पोळीभाजी केंद्र सुरू करत असेल तर उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच एक फोड करून घ्या. बिलातले सुटे पैसे वेगळे आणि सुटे रुपये वेगळे. दोन्हींना आपण चिल्लरच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

पैसे येतात ते सुट्या मालातून. पाकीटबंद मालावर किंमत बहुतेक पूर्ण रुपयांत छापलेली असते, पण १६५ च्या भावाने पाव किलो तूरडाळ घेतली की ४१ रुपये २५ पैसे होतात. हे पंचवीस पैसे द्यायला नाणंच उरलेलं नाही. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आठ आणे मात्र अजून कायदेशीर आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम पन्नास पैशांच्या नाण्यांत देता येते. आमच्या गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात अशी एकोणीस नाणी आहेत, स्टीलची, घासून गुळगुळीत झालेली. त्यातलं एखादं पुढे केलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. कायद्यात चालतं आणि काउंटरवर चालत नाही, अशी त्याची गत आहे. तेव्हा पैसे राउंड करण्यावाचून इलाज नाही.

रुपयांचं तसं नाही. एक, दोन, पाच, दहा, वीस, सगळी नाणी टांकसाळीतून येतात, बँका देतात, लोक घेतात. एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत हजार रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं. भाच्याचा खरा प्रश्न एवढाच उरतो की जे नाणं मिळतं ते बाळगायचा त्रास वाचवण्यासाठी रुपये सोडायचे का.

पैसे: राउंड कुठे करायचं?

पैसे राउंड करायचे ते बिलाच्या शेवटी, एकदाच. प्रत्येक वस्तूवर कधीच नाही. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे दुकानदाराची नियत चांगली असूनही गिऱ्हाईक नागवलं जातं.

परवाचंच एक बिल घ्या. पाव किलो तूरडाळ ४१.२५, पाऊण किलो साखर ३२.२५, दोनशे ग्रॅम शेंगदाणे २७.६०, अर्धा किलो रवा २२.५०, तीनशे ग्रॅम पोहे १८.६०. बेरीज १४२ रुपये २० पैसे. शेवटी राउंड केलं तर १४२. प्रत्येक वस्तू जवळच्या रुपयाला आणली तर १४३. आणि हाताने चिठ्ठी करणारे बरेच दुकानदार करतात तशी प्रत्येक वस्तू वरच्या रुपयाला नेली तर १४५. तोच माल, तोच काटा, आणि तीन रुपयांचा फरक. महिन्याचा किराणा पंचवीस-तीस वस्तूंचा असतो. त्या घरातून दर महिन्याला किती जादा जातील, त्याचा अंदाज करा.

ही गोष्ट नवी नाही. माझे सासरे १९५७ च्या एप्रिलची आठवण सांगायचे. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? नियम असा होता की अर्धा पैसा किंवा कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पूर्ण धरायचा. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. दुकानात भिंतीला तक्ता टांगलेला होता. गल्लीतल्या पोरांनी तो दोन दिवसांत पाठ केला आणि चार आण्यांचा खाऊ एकदम घ्यायच्याऐवजी एकेका आण्याच्या चार खेपा करायला लागली, कारण चार वेळा सहा म्हणजे चोवीसच. सासऱ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. तेव्हा तुकडे पाडण्याचा फायदा पोरांना होता, आज तो दुकानदाराकडे आला आहे, म्हणून तो आपण घेऊ नये असं मला वाटतं.

आता शेवटी राउंड करायचं ठरलं तरी दोन रीती उरतात. एक, जवळच्या रुपयाला. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कराच्या रकमेसाठी हीच रीत आहे: पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यायचं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा एकूण बिलालाही हीच लावलेली असते आणि फरक 'राउंड ऑफ' खात्यात पडतो. दुसरी रीत, पैसे कितीही असोत, खालच्या रुपयालाच यायचं.

पहिल्या रीतीत दुकानाचं वर्षाकाठी नुकसान जवळपास शून्य, कारण वरचे आणि खालचे एकमेकांना फिटतात. दुसरीत थोडं जातं. आमच्याकडे रोखीची साधारण दीडशे बिलं होतात, त्यातल्या एक तृतीयांश बिलांत पैसे असतात. पन्नास बिलं, सरासरी पन्नास पैसे, म्हणजे दिवसाला २५ रुपये आणि महिन्याच्या सव्वीस दिवसांत ६५०. आम्ही दुसरी रीत ठेवली आहे आणि भाच्यालाही तीच सांगितली. गिऱ्हाईक बिल वाचतं. '+०.४०' दिसलं की ते विचारतं, आणि विचारायलाच हवं. '-०.४०' दिसलं की विषय संपतो. शिवाय बिलात एकच पाकीटबंद वस्तू असेल आणि राउंड करताना छापील किमतीच्या वर गेलात तर तो गुन्हा आहे, मग ते पन्नास पैसे का असेनात. हे ६५० रुपये कसर-वटाव, म्हणजे सोडलेल्या किरकोळ रकमांच्या, खात्याला टाकायचे आणि मोकळं व्हायचं.

यूपीआयने येणाऱ्या बिलांचे पैसेही असेच सोडावेत. तिथे ४१ रुपये २५ पैसे अगदी अचूक घेता येतात हे खरं, पण मग रोखीवाल्याला ४१ आणि मोबाइलवाल्याला ४१.२५ असे एकाच डाळीचे दोन भाव होतात. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघींना ते पटवून देण्याची वेळ माझ्यावर एकदा आली होती. परत नको.

पाचच्या पटीत

भाच्याचा मूळ प्रस्ताव हा. त्याला तो सुचला कारण तो अनेक वर्षं बसने फिरला आहे. २०१८ च्या जूनमध्ये एसटीने भाडेवाढ केली तेव्हा सुट्ट्यांचे वाद टाळायला तिकिटं पाचच्या पटीत आणली होती. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाल्यावर तिकिटं पुन्हा सुट्या रुपयांवर आली, कंडक्टर आणि प्रवाशांची भांडणं सुरू झाली आणि महामंडळाला यूपीआयने तिकीट काढा म्हणून सांगावं लागलं. मुंबईत बेस्टने २०१९ मध्ये साध्या बसला ५, १०, १५, २० असं भाडं ठेवलं आणि एसी बसला ६, १३, १९, २५. सहा रुपयांच्या तिकिटाला दहाची नोट पुढे आली की कंडक्टरने चार रुपये कुठून आणायचे, हे गर्दीच्या बसमध्ये उभं राहून पाहिलेल्याला पाचच्या पटीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पण बसचं तिकीट आणि किराण्याचं बिल यांत फरक आहे. बसभाडं आधीच ठरवून जाहीर केलेलं असतं, छापील किंमत ओलांडायचा प्रश्न तिथे येत नाही. दुकानात पाकिटावर १३ छापलं असेल तर १५ घेता येणार नाहीत. म्हणजे आपल्याला पाचच्या पटीत फक्त खालीच यावं लागणार. त्याचा हिशोब असा: बिलाच्या शेवटी पाचने भागून शून्य ते चार रुपये उरतात, सरासरी दोन. दीडशे बिलांवर दिवसाला ३०० रुपये. महिन्याला ७,८००. किराण्यात सुटतो तो नफा धरला तर ही रक्कम नव्या दुकानाला मोडून टाकील.

समोर ठेवा सुट्टे बाळगण्याचा खर्च. शून्य ते चार रुपये परत द्यायला एक-दोनची सरासरी १.२ नाणी लागतात. सगळ्यांनीच बंद्या नोटा दिल्या असं धरलं तरी दीडशे बिलांना १८० च्या आसपास नाणी, किंमत तीच ३०० रुपये. बँकेतून मिळाली तर बट्टा नाही. नाही मिळाली आणि बाजारातून शेकड्याला पाच रुपये बट्टा देऊन घेतली तर दिवसाला १५ रुपये. दहा दिला तरी ३०. म्हणजे महिन्याला फार तर ७८०. सणासुदीला, सुट्ट्यांची अगदी ओरड असताना, आम्ही दहाही दिले आहेत. ७,८०० आणि ७८० हे दोन आकडे मी भाच्याला फोनवर वाचून दाखवले तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही.

त्याने मग परदेशाचं उदाहरण काढलं. त्याचा मित्र टोरांटोजवळ राहतो आणि तिकडे सगळे राउंड करतात. करतात हे बरोबर. एक सेंटचं नाणं पाडायला १.६ सेंट खर्च येत होता म्हणून कॅनडाने ते ४ फेब्रुवारी २०१३ पासून वितरणातून काढलं. तेव्हापासून रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटला येतं: एक-दोन सोडायचे, तीन-चार असतील तर पाच धरायचे. कर लावून झाल्यावर, अगदी शेवटी, आणि फक्त रोखीला. कार्डाने दिलं तर सेंटपर्यंत अचूक. नेदरलँड्समध्ये सप्टेंबर २००४ पासून अशीच पद्धत आहे, न्यूझीलंडने २००६ मध्ये पाच सेंटही काढून राउंडिंग दहा सेंटवर नेलं. अमेरिकेत मात्र १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडली गेली, पण राउंड कसं करायचं याचा देशभरासाठी एक नियम आधी ठरवला नव्हता, आणि काही दुकानसाखळ्यांनी तोटा सोसून बिलं खालीच आणायला सुरुवात केली.

या सगळ्यातून पद्धत घेण्यासारखी आहे, आकडा नाही. तिकडे दोन डॉलरच्या कॉफीवर फार तर दोन सेंटचा फरक पडतो, म्हणजे शंभरातला एक. आपल्याकडे तेरा रुपयांच्या पुड्यावर दोन रुपये म्हणजे पंधरा टक्के. पाच सेंट आणि पाच रुपये हे नावाला सारखे वाटतात, पण ज्या घरात अजून दहा रुपयांचं तेल आणि पाच रुपयांची चहापूड घेतली जाते तिथे रुपया हा शेवटचा अपूर्णांक नसतो, तो भाव असतो.

गोळी, वही आणि यूपीआय

गोळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण माझं मत पक्कं आहे. रुपयाची गोळी दुकानाला पंच्याहत्तर-ऐंशी पैशांना पडते, म्हणजे मोड म्हणून गोळी दिली की वीस-पंचवीस पैसे सुटतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही देत होतो. आमच्या आळीत एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. एके सकाळी ते आले, खिशातून गोळ्या काढल्या आणि काउंटरवर पाच-पाचच्या चळती लावल्या, नाण्यांच्या लावतात तशा. चौदा गोळ्या होत्या. म्हणाले, "वहिनी, मला शुगर आहे. हे तुमचे चौदा रुपये. साबण द्या." मी साबण दिला, वर चार रुपये परत दिले आणि दुपारी बरणी काउंटरवरून उचलून मागे गोळ्यांच्याच रॅकवर ठेवली. देणं पैशांतच फेडायचं असतं. गिऱ्हाइकाने मागितली तर गोळी विका, मोड म्हणून लादू नका.

वहीचा पर्याय मला आवडतो, पण तो ओळखीच्या गिऱ्हाइकापुरता. आम्ही एक छोटी वही ठेवतो, 'मोड बाकी' असं वर लिहिलेली. कुणाचे दोन रुपये राहिले की नाव आणि आकडा, आणि पुढच्या खेपेला ते म्हणण्याआधी आपण वजा करायचे. हे आधी आपण करणं महत्त्वाचं आहे. गिऱ्हाइकाला दोन रुपये मागायला लाज वाटते, आणि त्या लाजेवर दुकान चालवू नये. वाकडसारख्या ठिकाणी, जिथे निम्मे लोक अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, ही वही कितपत चालेल याची मला शंका आहे.

यूपीआयने सुट्ट्यांचा प्रश्न सोडवला असं सगळे म्हणतात. अर्धा सोडवला. २०१६ मध्ये ते सुरू झालं, आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन लागत नाही. साउंडबॉक्सचं भाडं तेवढं जातं. आमची निम्म्याहून जास्त बिलं आता तशीच येतात आणि तिथे मोडीचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. पूर्वी जी माणसं खिशात चिल्लर घेऊन यायची तीच आता मोबाइल घेऊन येतात. राहिलेली रोखीवाली माणसं एटीएममधून निघालेली बंदी पाचशेची नोट घेऊन येतात. म्हणजे गल्ल्यातून नाणी जातात, पण गल्ल्यात येत नाहीत. यूपीआय वाढल्यावर आमची नाण्यांची एकूण गरज कमी झाली, तरी ती विकत आणण्याची गरज वाढली. यूपीआय आहे म्हणून सुट्टे नकोत असं धरून चाललात तर ज्या दिवशी सर्व्हर बंद असेल त्या दिवशी दूध आणायला आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला रिकाम्या हाताने परत पाठवाल.

सुट्टे आणायचे कुठून

बँकेत चालू खातं काढतानाच शाखेत नाण्यांचं विचारून ठेवा. सगळ्या मूल्यांची नाणी बँकांनी घ्यायची आणि बदलून द्यायची आहेत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. एक आणि दोनच्या शंभर-शंभरच्या पिशव्या मिळतात. शंभर एकची नाणी तीनशे ग्रॅमच्या वर भरतात, तेव्हा चार-पाच पिशव्यांना चांगली कापडी पिशवी न्या. एका शाखेत काउंटरवरून मला तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा मी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली, तेव्हा नाणी मिळाली. बँकेपेक्षा सोपं म्हणजे जवळच्या देवळाची पेटी. विश्वस्तांशी एकदा बोलून ठेवलं की ते मोजून देतात, आपण नोटा देतो, दोघांचंही काम होतं. आमची निम्मी नाणी अशी येतात, बट्ट्याशिवाय.

गल्ल्यात एकची दोनशे, दोनची शंभर आणि पाचची पन्नास नाणी सकाळी असली तर दिवस निघतो. एकची जास्त ठेवा, दोनची संपली तरी एकने भागतं, उलटं होत नाही. नाणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, कारण जुन्या-नव्या मालिकांमुळे एक आणि दोन घाईत सारखेच दिसतात. २०१९ च्या मालिकेत दृष्टिहीनांना स्पर्शाने ओळखता यावं म्हणून किमतीप्रमाणे आकार आणि वजन चढतं ठेवलं आहे, वीसचं तर बारा कोनांचं आहे, पण गल्ल्यात सगळ्या मालिका एकत्र येतात. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर शांतपणे सांगा की चौदाही नमुने वैध आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच ते जाहीर केलं आहे. आणि तुम्ही स्वतः ते कधी नाकारू नका. ज्या दुकानात नाणं घेतात तिथेच लोक नाणी आणून देतात, आमचं एकूण सुट्ट्यांचं गणित बरंचसं यावरच चाललं आहे.

भाच्याला अजून एक शंका होती, की सुट्टे मोजण्यात वेळ किती जाईल. मी घड्याळ लावून पाहिलं. नाणी कप्प्यांत असतील तर चार रुपये द्यायला तीन सेकंद लागतात. नसतील तर "सुट्टे आहेत का बघा ना" पासून शेजारच्या दुकानात पोऱ्या पाठवण्यापर्यंत दोन-तीन मिनिटं, आणि मागे रांग.

काल त्याने पाटीचा मजकूर पाठवला. एक शब्द मी बदलला, बाकी तसाच ठेवला: "बिलातले सुटे पैसे सोडले जातात. रुपये मोजून परत मिळतील. नाणी स्वीकारली जातात." काउंटरच्या गिऱ्हाइकाकडच्या बाजूला, बिलाच्या मशीनशेजारी लावायची, मराठीत आणि हिंदीत.